पाकिटावरची बजाबाई

(जुळे सोलापूर. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल, सोफा भिंतीला सरकवलेला. सासू बजाबाई, सून सुकन्या, आणि ‘खुळखुळ’ नावाचा खाऊ बनवणाऱ्या कंपनीकडून शूटिंगला आलेला दिग्विजय.)

बजाबाई : आन् हे नाक? एवढं मोठं नाक माजं हाय व्हय गं?

सुकन्या : तुमचंच आहे की, आत्या. पाकिटात हवा भरलीय, म्हणून नाकही फुगलंय.

बजाबाई : अवो साहेब, दुकानात टांगत्याल तवाबी असंच फुगंल का काय?

दिग्विजय : साहेब नका म्हणू हो मावशी, दिग्विजय म्हणा. हे नुसतं सॅम्पल आहे, तुमच्या फोटोचा स्टिकर मीच हातानं चिकटवलाय. खरी छपाई व्हायचीय अजून. एकदम झकास येणार! सगळं गुलाबी, मधोमध तुम्ही, डोक्यावर पदर, आणि खाली मोठ्या अक्षरात आपली लाइन...

बजाबाई : आदी मी, मंग तुमी!

दिग्विजय : बघा! पाठसुद्धा झाली.

बजाबाई : पाठ काय करायची? माजंच बोलनं हाय की ते.

सुकन्या : खरं सांगते दिग्विजय, सॅम्पलचा खोका आल्यापासून घरात दुसरा विषय नाही. माझ्या नवऱ्यानं, अभिमन्यूनं स्टेटसला लावलं, मी लावलं. आमचे मामा तिकडं मोहोळच्या बाजारात कांदा घेऊन गेले आणि मोबाइल हातात धरून दुकानादुकानात फिरले.

बजाबाई : म्हातारा जराबी लाजला न्हाय! चहावाल्याला सांगत हुता, माजी बायकू पुड्यावर आली म्हणून. आता बोला.

सुकन्या : आणि तुम्ही काय कमी का? निम्मा खोका सकाळी अभिमन्यूच्या हातात देऊन दवाखान्यात पाठवलात.

दिग्विजय : दवाखान्यात? म्हणजे केमोच्या वॉर्डात? अरे वा मावशी! आमच्या अख्ख्या मार्केटिंगला जे सुचलं नाही ते तुम्ही परस्पर करून टाकलंत.

बजाबाई : मंग! माज्या मैत्रिनी हायत तितं. काशम्माची आज सलाईन हाय. अक्कलकोटाकडनं येती बिचारी. तिला दावल्याबिगर मला झोप लागंल व्हय?

दिग्विजय : चला, लाइट लागला. या खुर्चीवर. थोडं इकडं... बास. साडी काय सुंदर दिसतेय हो!

बजाबाई : इरकल हाय. माजी न्हाय, माज्या जावंची. गोजाबाईची. ती गेल्यावर तिच्या लेकीनं मला दिली. आज मुद्दाम नेसले.

दिग्विजय : गोजाबाईंना काय झालं होतं?

सुकन्या : हेच. आत्यांना झालं तेच. फक्त त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं.

बजाबाई : गाठ हाताला लागत हुती की तिच्या. पर सांगायचं कुनाला? गावात बाई डाक्टर न्हाय. सोलापूरला यायचं तर शेळ्या कुनी बघायच्या? आन् जागाबी असली, की नवऱ्यापाशीबी त्वांड उघडत न्हाय. म्हणून तर तू फोन केलास तवा म्या लगी व्हय म्हणलं. तपासनीची गाडी गावात येनार ना रं? बाया दारातच तपासून घेत्याल.

दिग्विजय : येणार की! प्रत्येक पाकिटामागं एक रुपया गाडीला. तीच तर सगळी मोहीम आहे. गुलाबी पाकीट, गुलाबी गाडी. सात रस्ता चौकात होर्डिंग लागणार, गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल. जिकडं बघावं तिकडं तुम्ही!

बजाबाई : सात रस्त्याला! आयकलंस का सुकन्या? आगं, आपरेशन झाल्यावर गावातल्या बाया माज्या हातचं पानी घेईनात. लागंल म्हणायच्या. हळदी-कुकवाला बोलवायच्या, पर वाटी लांबनंच सरकवायच्या. लावा म्हणावं आता सात रस्त्याला. येता-जाता वर बघू दे समद्यांनी.

दिग्विजय : हे, हे कॅमेऱ्यात पाहिजे मला! थांबा, चालू करतो. मावशी, पहिल्यांदा डब्याची गोष्ट. दवाखान्यातल्या सोशल वर्कर मॅडमना सांगितलीत तशीच. मी नाही असं समजा.

बजाबाई : तू एवढा उंच, नाहीस असं कसं समजू? बरं, सांगते. तितं आमी समद्या वळीनं पडल्यालो असतो. हाताला नळ्या. त्वांडाची चव लोखंड चाटल्यागत. घास बघितला की पोटात ढवळतं. मंग आमी पाळी लावली. जिला त्या दिशी बरं वाटतंय तिनं समद्यांचा डबा आनायचा. पर खायाला कोन धजंना. ही म्हणती मला उलटी हुईल, ती म्हणती मला हुईल. मंग म्या म्हणलं, आदी मी खाते, मंग तुमी. म्या समद्यांच्या म्होरं घास खाल्ला. घटकाभर बसले. न्हाय उलटलं. मंग एकेकीनं हात घातला. तवापासनं रीतच पडली आमची. जी डबा आनंल तिनं पयला घास समद्यांच्या म्होरं खायाचा. ती न्हाय खाल्ली, तर डबा तसाच माघारी.

दिग्विजय : कट! मावशी, काटा आला अंगावर. बघा, हा बघा हात.

सुकन्या : मी इतक्यांदा ऐकलंय, तरी दर वेळी डोळ्यांत पाणी येतंच.

दिग्विजय : आता मेन शॉट. पाकीट फोडायचं, एक खुळखुळ काढायची, कॅमेऱ्यात बघत खायची. कुर्रर्र आवाज आला पाहिजे. आणि मग आपली लाइन. जमेल?

बजाबाई : न जमायला काय झालं? आन हिकडं पाकीट.

दिग्विजय : रेडी? हां, फोडा...

बजाबाई : थांब, थांब. सुकन्या, हे माज्या पथ्यात बसतंय का गं?

सुकन्या : अं?

बजाबाई : पथ्यात. तू मला शेव खाऊ देत न्हाईस. लोनच्याची फोड वाढताना हात आखडतीस. हे चालतंय का मला?

सुकन्या : आत्या, मी... मी बघितलंच नाही. रीलला गाणं शोधत बसले रात्रभर.

दिग्विजय : अहो, एका तुकड्यानं काय होतंय!

सुकन्या : बघू द्या. पाकीट द्या इकडं. बाई गं, काय अक्षर आहे हे! थांबा, मोबाइलनं मोठं करते. हां. मैदा. पामतेल. मीठ. साखर. चव वाढवणारा पदार्थ, आणि पुढं नुसता आकडा. कृत्रिम रंग, पुन्हा आकडा.

बजाबाई : आन् म्होरल्या बाजूला तर बीट काढलंय की. केवढं लालबुंद!

सुकन्या : बीट चित्रातच आहे, आत्या. आत बीटचा स्वाद आहे.

दिग्विजय : ताई, सगळं नियमात आहे हं. परवानगी असलेला रंग आहे. लायसन्सचा नंबर तिथंच छापलाय, बघा.

सुकन्या : मी कुठं म्हणते बेकायदा आहे? आणि हे खाल्लं की कॅन्सर होतो असंही मी म्हणत नाही. मला त्यातलं कळत नाही. पण दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी मला समोर बसवून सांगितलंय, तळलेलं, खारट, रंग घातलेलं, पाकिटातलं यांना देऊ नका. यात सगळंच आहे.

बजाबाई : म्हंजी न्हाय बसत.

सुकन्या : नाही बसत, आत्या. मला फार वाईट वाटतंय सांगताना. तुम्ही एवढ्या नटून बसलाय.

दिग्विजय : ओके, ओके. टेन्शन नको. सोपं आहे. मावशी, तुम्ही खायचंच नाही. फक्त तोंडात घ्यायचं, चावायचं, आणि मी कट म्हटलं की बाजूला टाकायचं. ही बघा बादलीच ठेवतो खुर्चीमागं. मोठमोठे स्टार असंच करतात. कुणी एक घास गिळत नाही.

बजाबाई : थुकायचं?

दिग्विजय : दिसणार नाही हो कुणाला.

बजाबाई : लोकांम्होरं खायाचं आन् मागं बादलीत थुकायचं. आन् वर म्हणायचं, आदी मी?

दिग्विजय : मावशी, जाहिरात असते ती. लोकांनाही माहीत असतं.

बजाबाई : माज्या लोकांना न्हाय ठावं.

सुकन्या : आत्या, फोन वाजतोय तुमचा. काशम्मा आहे.

बजाबाई : काशम्मा! आन, आन. हां बोल गं. ऊटा आतेन, जेवान झालं का? ... काय म्हणतीस! जेवलीस? ... काय खाल्लंस? ... आं? अख्खं? अख्खं पाकीट? ... आन् उलटी? ... न्हाय झाली! अगं बाई, चार दिस झालं तुझ्या पोटात घास ठरत नव्हता की! ... पोरी, काय खातीस ते आदी इचारायचं तरी. ... हां. ... हां. ... न्हाय, दुसरं फोडू नगं. आत्ता नगं. म्या फोन करते माघारी. ठिव.

दिग्विजय : खाल्लं? चार दिवस न जेवलेली बाई तुमचा फोटो बघून जेवली? मावशी, हे सोनं आहे सोनं! हे मी सरांना...

बजाबाई : गप रं जरा.

सुकन्या : आत्या, काय झालं? बसा. पाणी देऊ का?

बजाबाई : ती काय म्हणली ठावं हाय? मी म्हणलं, पोरी, काय खातीस ते आदी इचारायचं तरी. तर म्हणती, इचारायचं काय, तुझा फोटू हाय म्हंजी तू आदी खाल्लंच असशील. सुकन्या, म्या खाल्लंच न्हाय गं. पयला घास न खाता म्या डबा धाडला.

सुकन्या : तुम्हाला कुठं ठाऊक होतं?

बजाबाई : इचारायचं तरी की! तुला आत्ता इचारलं तसं सकाळी इचारायचं. म्या नाक बघत बसले. माजं त्वांड किती झ्याक आलंय, ते बघत बसले.

दिग्विजय : पण तिच्या पोटात काहीतरी गेलं ना मावशी? ते चांगलंच झालं की.

बजाबाई : गेलं. लई बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? पर भ्यावबी तितकंच वाटलं. एका चिकटवल्याल्या फोटूवर ती डोळं झाकून खाती. मंग सात रस्त्याला टांगलं, तर किती जनी खात्याल? आन् त्यातल्या किती जनीला पथ्य असंल?

दिग्विजय : मावशी, मी तुमच्याशी खोटं नाही बोलणार. पाकीट नाही, तर गाडी नाही. आणि गाडी नाही, तर गोजाबाईंसारख्या किती बायका...

बजाबाई : गोजाचं नाव तू नगं काढू. तिच्यासाठीच तर व्हय म्हणलं हुतं म्या.

सुकन्या : दिग्विजय, इथं ‘एक रुपया’च्या डोक्यावर छोटी चांदणी आहे. खाली लिहिलंय, तपशील वेबसाइटवर. काय तपशील आहे तो?

दिग्विजय : ते... फेजवाइज आहे ताई.

सुकन्या : मराठीत सांगा.

दिग्विजय : पहिल्या टप्प्यात गाडी पुण्या-मुंबईत फिरणार. सोलापुरात एक दिवस. गड्ड्याच्या यात्रेत.

सुकन्या : आणि मोहोळकडची गावं?

दिग्विजय : दुसऱ्या टप्प्यात.

सुकन्या : तो कधी?

दिग्विजय : ठरलेला नाही. खरं सांगतो ताई, मला वाटलं होतं की जाईल. मी सरांना दाखवलेल्या प्रेझेंटेशनमध्ये पहिला फोटोच गावाचा होता. त्यांनी तो काढला नाही, मला वाटलं चाललं.

बजाबाई : म्या सरपंचाला सांगून ठिवलंय रं. देवळाफुडची जागा झाडून ठिवलीय त्येनं.

दिग्विजय : सॉरी, मावशी.

बजाबाई : पर गड्ड्याला एक दिस येनार, हे तरी खरं का?

दिग्विजय : ते खरं. ते नक्की ठरलंय.

बजाबाई : एक दिस तर एक दिस! एका बाईची गाठ येळेवर घावली तरी लई झालं. थांब. थांब जरा, मला कायतरी सुचाया लागलंय. सुकन्या, पदर सारका कर माजा. दिग्या, त्यो क्यामेरा वळव हिकडं!

दिग्विजय : दिग्या?

सुकन्या : झालात तुम्ही घरचे. आता सुटका नाही.

बजाबाई : पाकीट ठिव तिकडं. त्या गाडीला पायऱ्या असत्यात का न्हाय? त्या पायरीवर मी हुबी. हात असा दांडीला धरल्याला. माजीबी वर्साची तपासनी आलीच हाय जवळ. मी समद्या बायांच्या म्होरं आत जाते. तपासून घेते. बाहीर येते. कुनाला काय झालं न्हाय, मी हाय तशी हाय. आन् मंग म्हणते, आदी मी, मंग तुमी! घास न्हाय रं बाबा, तपासनी!

सुकन्या : आत्या!

दिग्विजय : मावशी... अहो मावशी! हे तर आमच्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी भारी आहे! गुलाबी गाडी, पायरीवर इरकल साडी, खाली बायकांची रांग... डोळ्यांसमोर दिसतंय मला!

बजाबाई : मंग! आन् आवाज कुर्रर्र यायाची गरजच न्हाय.

सुकन्या : दिग्विजय, लावा फोन तुमच्या सरांना. आत्ता लावा, अंगात आहे तोवर.

दिग्विजय : लावतोच. हॅलो, सर! सर, सोलापुरातून बोलतोय. एक जबरदस्त आयडिया आलीय. आपण गाडीच्या पायरीवर... हो सर, गाडीच्या... नाही, पाकीट हातात नाही... सर, त्या खात नाहीत, त्यांना पथ्य आहे... नाही सर, थोडंसंसुद्धा नाही... पण सर, मोहीम तर याच बायकांसाठी... हो सर. हो. ... सोलापूरचा दिवस पण? सर, तो तर ठरला होता. ... ओके. ओके, सर.

सुकन्या : काय म्हणाले?

दिग्विजय : म्हणाले, खुळखुळ न खाणारी बाई खुळखुळच्या जाहिरातीत कशाला? कोल्हापूरची एक सीरियलमधली नटी तयार आहे. तिला घेणार.

बजाबाई : आन् गाडी?

दिग्विजय : चेहरा सोलापूरचा नसेल, तर दिवसही सोलापूरचा नाही. गाडी कोल्हापूरला जाईल.

सुकन्या : हे काय बोलणं झालं? बायकांच्या तपासणीला चेहऱ्याची अट?

दिग्विजय : मला नका ओरडू ताई, मीच वैतागलोय. पण मावशी, अजून वेळ आहे. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ पाठवला तर दिवस परत मिळेल. एक तुकडा. एकच. बादलीसुद्धा नको वाटत असेल तर कॅमेरा मी लांब ठेवतो, नुसता हात तोंडाजवळ न्या. बाकी एडिटिंगमध्ये बघतो मी. तुम्ही सांगा.

बजाबाई : सुकन्या, तू काय म्हणतीस?

सुकन्या : मी काय सांगू, आत्या? एकीकडं एक तुकडा, एकीकडं अख्खी गाडी. मला नाही म्हणवत आणि हो पण म्हणवत नाही. तुमचं तोंड आहे. तुम्ही म्हणाल ते.

बजाबाई : लई वाईट वाटतंय गं. सात रस्त्यावरनं रिक्षानं जाताना म्या वर बघनार हुते. रिक्षावाल्याला म्हणनार हुते, बाबा, जरा हळू घे, वर कोन हाय बघ. ... जाऊ दे. आदी काशम्माला फोन लाव.

सुकन्या : लावला. घ्या.

बजाबाई : काशम्मा, आयक. त्ये पाकीट हाय ना, ते म्या खाल्लेलं न्हाय. ... न्हाय. येकबी तुकडा न्हाय. मला चालत न्हाय ते. आहाराच्या म्याडमनी सांगिटलंय. मंग तुलाबी नगं. ... व्हय, चुकलंच माजं. दे शिव्या. ... अगं, मराठीत दे, कन्नडातल्या मला कळत न्हाईत! ... हसतीस व्हय? हस, हस. ... काय? फोटू कापून उशाखाली ठिवनार? ठिव की! फोटू चांगला हाय, त्येचं काय चुकलंय? आन् बाकीच्यांचीबी पाकिटं गोळा कर, बग. दुपारी येते म्या. ज्वारीच्या कण्या आन् ताक घिऊन येते. तुझ्या म्होरं बसून आदी खाते. ... हां. ठिवते.

दिग्विजय : म्हणजे नाहीच ना, मावशी?

बजाबाई : न्हाय रं राजा. आता तिला असं सांगून, म्या क्यामेऱ्याम्होरं हात तोंडाला न्हेऊ व्हय?

दिग्विजय : समजलं. लाइट काढतो.

सुकन्या : तुमच्या नोकरीला काही होणार नाही ना?

दिग्विजय : नोकरी राहील. शिव्या मात्र मलाही मिळतील, आणि त्या मराठीतच असतात.

बजाबाई : लाइट कशाला काढतोस? राहू दे की लावल्याला! सुकन्या, दवाखान्यात त्या तपासनीचा दिस कवा असतोय? गाठी-बिठी बघायचा?

सुकन्या : सोमवारी. का?

बजाबाई : सोमवार. झालं तर मंग! गाडी गावात येत न्हाय, तर गाव येष्टीत बसंल. सरपंचानं जागा झाडलीय ना, तितंच बाया गोळा हुत्याल. माजी तपासनीबी त्याच दिशी करून टाकू. दिग्या, तुझ्या क्यामेऱ्यात न्हाय घ्यायचं, तर सुकन्याच्या मोबाइलात घे. कंपनीचं न्हाय, माजं घे. गावच्या ग्रुपवर टाकायचंय.

सुकन्या : एक मिनिट, एक मिनिट, चार्जिंग आहे का बघू दे! आहे. घ्या हो दिग्विजय. आणि नाक नीट घ्या, नाहीतर दिवसभर ऐकायला लागेल.

दिग्विजय : मावशी, उजवीकडं जरा. हां. बोला बिनधास्त. चालू झालं.

बजाबाई : बायांनो, मी बजा. रामहरीची बायकू. म्हाताऱ्यानं बाजारात दावलेलं ते पाकीट इसरा. ते काय माज्या खान्यातलं न्हाय, तुमी माजा फोटू बघून घेऊ नका. आता कामाचं आयका. येत्या सोमवारी सकाळच्या येष्टीनं आपन सोलापूरला दवाखान्यात जायाचं. गाठ असंल तर या, नसंल तरबी या. आत कोन पुरुस न्हाय, बाई डाक्टर हाय. ती हात लावती, लाज वाटती, खरं हाय. पर ती लाज घटकाभराची हाय गं. आमची गोजा लाजली, ती गेलीच. म्या आदी आत जानार हाय, तुमी बाहीर बाकड्यावर बसून बघा, मी कशी येते बाहीर ते. ज्यांच्या शेळ्या हायत, त्यांच्या शेळ्या रामहरी बघंल त्या दिशी. समद्यांच्या. मी त्येला अजून इचारलेलं न्हाय, पर बघंल. झालं का रं?

दिग्विजय : झालं, मावशी.

सुकन्या : मामांना सांगा आधी, नाहीतर ग्रुपवरच कळायचं! टाकू का? टाकलंच. अगं बाई, बघा, गावातल्या वैष्णवीनं लगेच अंगठा दिला. सरपंचांच्या घरच्यांनीपण! आत्या, काकूंनी लिहिलंय, मी येते!

बजाबाई : कोन काकू? त्या वाटी सरकवनाऱ्या? येऊ दे, येऊ दे! खिडकीची जागा तिला दे म्हणावं. चहा टाक गं सुकन्या, घसा कोरडा पडला. दिग्या, बस रं. तुझं गाव कुठलं मूळचं? पुन्याचा न्हाईस तू, मला दिसतंय.

दिग्विजय : वेळापूर.

बजाबाई : आं? वेळापूर! आन् सकाळधरनं एवढं पुनेरी बोलतोस व्हय? घरी कोन असतं?

दिग्विजय : आई. एकटीच असते. ऊस बघते, गोठा बघते.

बजाबाई : माज्याच वयाची असंल.

दिग्विजय : थोडी लहान.

बजाबाई : तिनं तपासलंय कदी?

दिग्विजय : काय?

बजाबाई : एवढं गुलाबी-गुलाबी करत हिंडतोस. आईला इचारलंस का?

दिग्विजय : मावशी, असलं आईशी कसं बोलायचं?

सुकन्या : अहो, इतके दिवस सरांपुढं, सगळ्या ऑफिसपुढं यावर बोलताय ना तुम्ही?

दिग्विजय : ते ऑफिसात असतं, ताई. तिथं शब्द इंग्रजी असतात. घरी... घरी आम्ही ऊस आणि पाऊस, एवढंच बोलतो.

बजाबाई : लाव फोन. मी हाय हितं. न्हाय जमलं, तर मला दे.

दिग्विजय : आत्ता?

बजाबाई : मंग कवा, ऊस गेल्यावर?

दिग्विजय : रिंग जातेय. ... हॅलो, आई? जेवलीस का? ... न्हाय गं, काम काय न्हाय. पैसंबी नगंत. समदं बरं हाय, सोलापुरात हाय मी. ... आई, एक इचारायचं हुतं. गोठ्यात हाईस का? मंग जरा बाहीर ये, बस कुटंतरी. ... बसलीस? तू लाजू नगं. मीबी लाजत न्हाय.